बटण बंद, तरी दिव्यात करंट

ठाण्याहून एका ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुलाने अमेरिकेहून येताना पितळी टेबल लॅम्प आणला. त्याची चालू-बंद करायची खुंटी थेट होल्डरला, बल्बच्या खाली. सासूबाईंचा हात रात्री तिथवर पोचत नाही, म्हणून वायरीतच मध्ये बटण हवंय. दुसरं, हॉलमध्ये टीव्हीमागच्या जुन्या सॉकेटला बटणच नाही, रोज सोफा सरकवून पिन उपटावी लागते. तिसरं, पाणी तापवायच्या रॉडच्या वायरीतही असंच बटण घालावं असं मिस्टरांच्या मनात आहे. "हे सगळं घरी जमेल का?"

ताई, दिव्याचं जमेल, पण तुमच्या डोक्यात आहे तसं नाही. सॉकेटचं काम वायरमनला द्या. आणि रॉडच्या वायरीला कुणीही हात लावायचा नाही. तीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

दुकानात वायरीतलं बटण मागितलं की पन्नास-शंभर रुपयांत हातावर ठेवतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत गेलात तर दहा प्रकार दाखवतील. वायर कापली, दोन टोकं स्क्रूखाली दाबली, झाकण लावलं, झालं. दिवा लागतो, दिवा विझतो. पण दिवा विझला म्हणजे करंट थांबला असं नसतं, आणि घरगुती कामात लोक फसतात ते इथेच.

दिव्यापर्यंत दोन तारा जातात, करंट आणणारा फेज आणि परत नेणारा न्यूट्रल. साध्या बटणात त्यातली एकच तुटते. फेज तुटला तर पुढे सगळं मेलेलं. न्यूट्रल तुटला तरी दिवा विझतोच, कारण फेरा पूर्ण होत नाही. पण 230 व्होल्टचा फेज होल्डरपर्यंत येऊन बसलेला असतो, तुमच्या बोटाची वाट बघत. आणि आपल्याकडची दोन पिनांची साधी पिन सॉकेटात दोन्ही बाजूंनी बसते. सकाळी केर काढताना उपटली आणि संध्याकाळी उलटी खोचली, की काल फेज तोडणारं बटण आज न्यूट्रल तोडायला लागतं. बटण तेच, वायर तीच, कुणी काही बदललेलं नाही.

उमेदवारीच्या काळात एका चाळीत तक्रारीवर गेलो होतो. एक काका टेबल लॅम्पचा बल्ब बदलताना शॉक बसून खुर्चीसकट मागे पडले होते. मनगट सुजलेलं, आणि सारखं एकच सांगत होते, "बटण बंद होतं हो, मी दोनदा बघितलं." खरं बोलत होते. बटण बंदच होतं. पिन उलटी होती.

तो बल्ब आट्यांचा होता. आपल्या नेहमीच्या दोन खिट्ट्यांच्या बल्बापेक्षा आट्यांच्या होल्डरला ही चूक जास्त झोंबते. आट्यांच्या होल्डरमध्ये तळाशी मधोमध एक छोटी जीभ असते, तिथे फेज यायला हवा. बाजूची आट्यांची वाटी न्यूट्रलला. उलट झालं की ती सगळी वाटी जिवंत होते. बल्ब फिरवून काढताना बोटं बल्बच्या धातूच्या गळ्याशीच असतात. तुमचा अमेरिकन दिवाही आट्यांचाच असणार.

आता तो दिवा. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट येतात, आणि तिकडच्या सॉकेटांना आपल्यासारखं शेजारी बटण सहसा नसतं. म्हणून तिकडच्या दिव्यांना खुंटी, साखळी, वायरीतलं बटण असं काहीतरी अंगचंच असतं. आपल्याकडे बटण बोर्डावर, तिकडे वस्तूवर. त्यांच्या दोन चपट्या पात्यांतलं एक रुंद असतं, म्हणजे पिन एकाच बाजूने बसते. दिव्याच्या चपट्या वायरीवरून नख फिरवून बघा: एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर बारीक उभ्या रेघा. रेघांची तार रुंद पात्याला, म्हणजे न्यूट्रलला. विचार करून केलेली व्यवस्था आहे. पण आपण मध्ये सगळ्या देशांच्या पिना घेणारा अडॅप्टर खोचतो, त्यात ती उलटसुलट कशीही जाते, आणि सगळं मुसळ केरात.

शिवाय दिव्याचं अंग पितळी आणि वायर दोनच तारांची, म्हणजे अर्थिंग नाही. आत कुठे वायर घासून तांबं उघडं पडलं तर अख्खा दिवा जिवंत. त्यामुळे त्याच वायरीत बटण घालू नका. वायरच बदला.

सामान असं. तीन तारांची लवचिक वायर, 0.75 चौरस मिलिमीटर, दिव्याला भरपूर झाली. 6 अँपिअरचा थ्री पिन टॉप. वायरीतलं बटण तीन तारा मावतील एवढ्या पोटाचं, 250 व्होल्ट लिहिलेलं. दोन्ही तारा एकदम तोडणारं, म्हणजे डबल पोल मिळालं तर तेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दिव्याच्या मूळ वायरीत आधीपासून एखादं बटण असेल तर ते बहुधा 125 व्होल्टचं असेल, ते टाकून द्या. होल्डरवर काय कोरलंय ते भिंगातून बघा. 250 असेल तर ठेवा, नसेल तर इथला नवा बसवा. बल्ब इथलाच, 230 व्होल्टचा, सात-नऊ वॉटचा एलईडी. दिवा हात लावून लागणारा किंवा मंद-प्रखर होणारा असेल तर पुढचं काही करू नका. त्याच्या पोटातलं सर्किट 120 व्होल्टचं असतं, लावताक्षणी धूर निघेल.

कापण्याआधी एक काम करा. सासूबाईंना पलंगावर नेहमीच्या कुशीवर झोपू द्या, दिवा मालवून हात लांबवायला सांगा, आणि हात सहज जिथे पडतो तिथे वायरीवर चिकटपट्टीची खूण करा. दिवसा, उभ्याने अंदाज घेतला की बटण नेहमी वीतभर चुकतं. मी स्वतः आईच्या खोलीत चुकलोय आणि पुन्हा वायर बदललीय.

पिन सॉकेटात नाही, समोर टेबलावर आहे, हे बघून मगच कटर उचला. खुणेपाशी वरचं जाड कवच बटणाच्या पोटात मावेल तेवढंच सोला. आत तीन तारा: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. साध्या बटणासाठी फक्त तपकिरी कापायची. निळी आणि हिरवी-पिवळी अखंड, बटणाच्या पोटातून वळसा घालून जाऊ द्या. काही बटणांत त्यांच्यासाठीही जोडाच्या जागा दिलेल्या असतात, पण साध्या बटणात त्या तारा न कापता भागत असेल तर मी कापत नाही. जितके जोड कमी तितकं बरं. डबल पोल असेल तर तपकिरी आणि निळी दोन्ही कापाव्या लागतात. अर्थ कधीच बटणातून तोडायची नाही.

कापलेल्या टोकाचं प्लास्टिक सात-आठ मिलिमीटर सोला. ब्लेडने गोल फिरवू नका, त्यात आतले तांब्याचे केस कापले जातात. पंधरा केसांतले पाच गेले तर तिथे वायर तेवढीच बारीक झाली. सोललं की घट्ट पीळ द्या, टोक दुमडा, स्क्रूखाली असं घाला की स्क्रू आवळताना तार आत ओढली जाईल, बाहेर ढकलली जाणार नाही. एकही केस बाहेर डोकावता कामा नये. काही हौशी लोक टोकाला शिसं लावून सोल्डर करतात, मजबुतीसाठी. स्क्रूखाली तसं करू नये. शिसं मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप ढिला. ढिला जोड तापतो. बटण हाताला कोमट लागलं किंवा प्लास्टिक पिवळट-तपकिरी दिसायला लागलं की समजायचं.

बटणाच्या दोन्ही तोंडांशी वायर आवळायची छोटी पट्टी असते. घाईत ती राहून जाते, किंवा आतल्या सुट्या तारांवर बसवली जाते. ती जाड कवचावर बसायला हवी. रात्री अंधारात बटण शोधताना माणूस वायर ओढतोच, तो ताण कवचाने घ्यायचा, स्क्रूने नाही. थ्री पिन टॉपमध्येही अशीच पट्टी असते. तिथे पिनांजवळ एल, एन आणि अर्थची खूण कोरलेली असते: तपकिरी एलला, निळी एनला, हिरवी-पिवळी मोठ्या पिनेला. ही मोठी पिन मुद्दामच लांब असते, म्हणजे पिन आत जाताना अर्थ सगळ्यात आधी लागतो आणि काढताना शेवटी सुटतो. दिव्याच्या टोकाला तपकिरी होल्डरच्या मधल्या जिभेच्या स्क्रूला, निळी बाजूच्या वाटीच्या स्क्रूला, आणि अर्थच्या तारेचं टोक दिव्याच्या पितळी अंगाला नटाने आवळा. नटाखालचं पॉलिश खरवडून घ्या, पॉलिशमधून करंट जात नाही.

आता मल्टिमीटर. तीनशे रुपयांचाही चालेल, फक्त त्यात पीं वाजायची सोय हवी. पिन अजून टेबलावरच. बल्ब काढलेला, होल्डरची खुंटी चालूवर. एक टोक टॉपच्या एल पिनेला, दुसरं होल्डरच्या मधल्या जिभेला: बटण चालू केलं की वाजलं पाहिजे, बंद केलं की गप्प. एन पिनेपासून बाजूच्या वाटीपर्यंत वाजलं पाहिजे; साधं बटण असेल तर बटण कसंही असो. मोठ्या पिनेपासून पितळी अंगापर्यंत कायम वाजलं पाहिजे. आणि एल व एनच्या मध्ये, तसंच एल व पितळी अंगाच्या मध्ये, कधीच नाही. हे सगळं जुळलं की बल्ब लावा, पिन खोचा. होल्डरची खुंटी मग कायम चालूवरच राहू दे.

बटणात छोटा लाल दिवा असलेलं घेऊ का, अंधारात दिसेल, असं पुष्कळ जण विचारतात. घ्या, पण एलईडी बल्ब असेल तर बटण बंद करूनही तो मिणमिणत राहण्याचा संभव आहे. लाल दिव्यातून झिरपणारा किंचितसा करंट एलईडीला पुरतो. धोका नाही, पण झोपमोड होते. बटणावर अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावली तरी काम भागतं. मात्र बटणात लाल दिवा नसतानाही एलईडी मिणमिणत असेल, तर आधी न्यूट्रल तर तुटत नाही ना, ते तपासा. लांब वायरिंगमुळेही असं होतं, पण मी संशय पहिल्यांदा न्यूट्रलवर घेतो.

हे सगळं सरळ चालेल, जर तुमच्या सॉकेटातच फेज योग्य भोकात असेल तर. सॉकेटकडे तोंड करून, मोठं अर्थचं भोक वर धरलं, तर फेज उजव्या हाताला आणि न्यूट्रल डाव्या हाताला हवा. टेस्टर उजवीकडे पेटला, डावीकडे नाही, म्हणजे ठीक. टेस्टर आधी जिथे करंट नक्की आहे अशा ठिकाणी लावून बघा. मेलेला टेस्टर "करंट नाही" असंच सांगतो. दोन्ही भोकांत पेटला तर त्यातलं काहीच खरं धरू नका. पुष्कळदा तेव्हा कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू असलेल्या दुसऱ्या वस्तूतून फेज परत फिरून येत असतो. मग वायरमनला बोलवा.

रॉडचं थोडक्यात. दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. वायरीतल्या बटणावर बारीक अक्षरांत 2 अँपिअर नाहीतर 6 अँपिअर लिहिलेलं असतं. काहींवर 6 आणि कंसात 2 असतं, म्हणजे नुसत्या तापणाऱ्या वस्तूला 6, मोटरसारख्या वस्तूला 2. रॉड, गीझर, इस्त्री, हीटर, एसी, पंप यांच्या वायरीत असलं बटण गरम होऊन वितळू शकतं. आणि वितळलं नाही तरी, पिन उलटी असेल तर बटण बंद असतानाही रॉडपर्यंत फेज आलेला आहे. बादली लोखंडी असो वा प्लास्टिकची, त्यात बोट बुडवून पाणी तापलं का बघायची आपल्याकडे सवयच आहे. रॉडची पिन 16 अँपिअरच्या बटणवाल्या सॉकेटात, आणि पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून पिनही बाहेर. मिस्टरांना एवढं सांगा. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लगेच पुरवठा तोडणारं बटण, नसेल तर आधी ती बसवून घ्या, बाकीची बटणं नंतर.

आता सॉकेट. भिंतीतल्या वायरिंगला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे: बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण जुन्याच्या जागी तसंच नवं बसवणं सोडलं, तर वाढीव किंवा बदलाचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावं. जिथे बटण नव्हतं तिथे नवं घालणं हा बदलच झाला. नियम बाजूला ठेवला तरी, भिंतीत काय निघेल ते बोर्ड उघडेपर्यंत कळत नाही. जुन्या घरात भिंतीतल्या तारांचे रंग लाल, पिवळा, निळा हे फेजचे, काळा न्यूट्रलचा, हिरवा अर्थचा. म्हणजे वस्तूच्या वायरीत निळी तार न्यूट्रल, आणि भिंतीत निळी तार फेज असू शकते. दिवा स्वतः दुरुस्त करून हात बसलेला माणूस नेमका इथे फसतो.

काम तसं अर्ध्या तासाचं आहे. 6 अँपिअरचा मॉड्युलर सॉकेट बोर्डाच्या पाटीवर दोन घरं घेतो, बटण एक घर. म्हणजे तीन घरांची पाटी आणि मागचा डबा लागेल. भिंतीतला जुना डबा लहान असेल तर थोडं फोडकाम, नाहीतर भिंतीवर बसणारा डबा. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सला 6 अँपिअर पुरतात. बॉक्स बंद दिसतानाही 10 वॉट ओढत असेल तर वर्षाला जवळजवळ 88 युनिटं झाली. त्यामुळे रोज सोफा सरकवायची तुमची तळमळ मला पटते.

बटणाचे पैसे वाचवू नका. चांगलं बटण दाबलं की खटकन पडतं, मध्ये कुठे रेंगाळत नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी 1884 मध्ये अशा स्प्रिंगच्या, झटक्यात तुटणाऱ्या बटणाची युक्ती काढली. टोकं हळूहळू दूर गेली तर मध्ये ठिणगी ताणली जाते आणि ती टोकं जाळते. दुकानात बटण हातात घेऊन अगदी हळू दाबून बघा. अर्ध्यावर थांबवता आलं, तर परत ठेवा.

वायरमनला एक गोष्ट मात्र तुम्हीच विचारायची: "या सॉकेटातून पुढे कुठे लूप गेलाय का?" जुन्या घरांत एका सॉकेटाच्या फेजवरून तार पुढच्या सॉकेटाला नेलेली असते. बटण या सॉकेटाच्या फेजच्या स्क्रूआधी, पण पुढे जाणारी तार बटणाच्या आधीच्या बाजूला राहील असं घालायला हवं. नाहीतर टीव्ही बंद केला की पुढचंही बंद. माझ्याच एका गिऱ्हाइकाकडे घाईत दुसऱ्या कुणी असं बटण बसवलं होतं. मंडळी गणपतीला कोकणात गेली, जाताना आठवणीने टीव्हीचं बटण बंद केलं. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात फ्रीज त्याच लूपवर होता. सात दिवसांनी दार उघडलं तेव्हाचं वर्णन त्या वहिनींनी मला फोनवर केलं, ते इथे लिहीत नाही.

म्हणून काम झालं की सॉकेटात एक दिवा लावून बघा. बटण बंद केल्यावर दिवा विझला पाहिजे आणि उजव्या भोकात टेस्टर पेटता कामा नये. मग बटण बंदच ठेवून घरभर फिरा, पंखे, बेल, राउटर बघा, फ्रीजचं दार उघडून आतला दिवा लागतोय का बघा, आणि त्यानंतर वायरमनला पैसे द्या.